वीणेकऱ्याची गोळी

महारुद्रची झोप कशी होती हे सांगायला बसलं तर सांगणाराच पेंगायला लागेल. ताडकळसहून गावाकडं येणाऱ्या जीपमध्ये तो चढला की ड्रायव्हर आधीच विचारून घ्यायचा, "मामा, तुमाला उठवायचं कुणी?" स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो अंतरपाटामागं उभ्या उभ्या डुलला होता. नवरदेव पिऊन आलाय की काय म्हणून सुमंगलाच्या मामानं त्याच्या तोंडाचा वास घेतला, तर वास आला पेढ्याचा. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, बोलायला गोड. फक्त पोटात चार घास गेले की त्याच्या डोळ्यांवर कुणीतरी गोधडी टाकायचं.

आणि देवाची थट्टा बघा, अशा माणसाच्या वाट्याला दुपारचा पहारा आला होता.

गावात चैत्रात सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, हा त्यातला मुख्य नेम. वीणेकरी मंडपाच्या मधोमध उभा राहून नाम घेतो. त्यानं बसायचं नाही, वीणा खाली ठेवायची नाही. तीन तास झाले की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा हातातून हातात जाते. कोणता पहारा कोणत्या घराचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बारा ते तीन हा पहारा महारुद्रच्या घराचा. बाहेर परभणीचं ऊन, आत पंगत नुकतीच उठलेली, शिरा पोटात, कूलरचा वारा अंगावर, आणि मंडपभर माणसं आडवी होऊन घोरतायत. अशा वेळी जागं राहणं म्हणजे तपश्चर्याच. महारुद्रच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, ती चाळीस वर्षं केली. गुडघे गेले तेव्हा वीणा पोराकडं आली.

पहिली दोन वर्षं महारुद्रनं तोंडात हिरवी मिरची धरून काढली. मागच्या साली मिरचीसुद्धा झोपली. वीणा कलली, सुटली, आणि जमिनीपासून वीतभर वर असताना तात्यारावांनी ती झेलली. तात्याराव म्हणजे निवृत्त केंद्रप्रमुख. त्यांच्या घरचा पहारा पहाटेचा. बघायला कुत्रंसुद्धा नसतं. त्यांना हवा होता दुपारचा, सगळं गाव जेवायला आलेलं असतं तेव्हाचा. त्या झेलण्याची गोष्ट त्यांनी वर्षभर एवढ्यांदा सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, बुडती नाव वाचवली. या साली बैठकीत ठरलं, की महारुद्रला पुन्हा डुलकी लागली तर पहारा तात्यारावांच्या घरी जाणार.

आबासाहेब बैठकीत मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "जमत नसंल तर आत्ताच सांग. मी मेल्यावर आपल्या घरचा पहारा गेला तर मला दिसणार न्हाई. जित्तेपणी दाखवू नको."

महारुद्रला ते बोलणं लागलं. बापाला त्यानं आयुष्यात दुसरं काही मोठं दाखवलं नव्हतं. निदान हे तरी हातचं जाऊ नये, असं त्याला मनापासून वाटलं.

मग त्यानं फोनला विचारलं. हल्ली देवाच्या आधी फोनला विचारायची पद्धत आहे. "दुपारची झोप येऊ नये म्हणून काय करावं?" फोन म्हणाला, पाणी प्या, थोडं चाला. पण फोन म्हणजे गावातल्या चहाच्या हॉटेलासारखा. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं. तासाभरात महारुद्रच्या हातात वेगळंच जग उघडलं. एका रीलमध्ये निळा मेंदू आणि त्यात कडाडणारी वीज. दुसऱ्यात एक पोरगा पुस्तकावर लाळ गाळतोय, आई पदरानं डोळे पुसतेय. पोरगा गोळी घेतो, आणि पुढच्याच क्षणी तो साहेब होऊन गाडीतून उतरतो, आई हसतेय. तिसऱ्यात पांढरा कोट घातलेला दाढीवाला डोळे मोठे करून सांगतोय, "डॉक्टर लोक ही गोष्ट तुमच्यापासून का लपवतात?" स्वतः डॉक्टरचा वेष करून हा डॉक्टरांनाच शिव्या का घालतोय, हे काही महारुद्रच्या ध्यानात आलं नाही. वैमानिक म्हणे हेच घेतात. सरहद्दीवर हेच चालतं. गोळीचं नाव 'चेतवज्र'. तिच्यात काय आहे हे कुणी सांगत नव्हतं, आणि कुठल्याच रीलमध्ये कुणाचे हात थरथरत नव्हते, कुणाला घाम फुटत नव्हता. शिवाय एकही माणूस पंचविशीच्या वरचा नव्हता. खाली घड्याळ पळत होतं, सवलत संपायला अकरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी उघडलं तरी अकराच मिनिटं. महारुद्रला वाटलं, आपलं नशीब चांगलं, वेळेत आलो.

नंबरवर साक्षी मॅडम भेटल्या. फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप, ओठांवर हसू. महारुद्रनं एका बोटानं टाइप केलं, "जय हरी. सप्त्याला चालंल का?"

"हो सर, नक्की."

"कांदा-लसूण असतं का त्यात?"

तिकडून आधी नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मग आलं, "नाही सर. शंभर टक्के सात्त्विक."

"वरचं कवच कशाचं?"

"तुळशीचं सर."

महारुद्रचं समाधान झालं. माणूस पन्नाशीला टेकलाय, काळजाला चालेल का, आधी कुण्या डॉक्टरला दाखवावं का, यातलं काही त्याला सुचलंच नाही. नेमधर्म मोडत नाही ना, एवढंच त्यानं खोदून खोदून विचारलं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पार्सलवर दुसरंच नाव असेल, घाबरू नका, असं मॅडमनी आपणहून कळवलं. त्याला धीर धरवेना म्हणून त्यानं एकदा फोनच लावला, तर पलीकडं जाड्या आवाजाचा बाप्या. मागं आणखी पाच-सहा जण फोनवर तेच बोलत होते. "साक्षी मॅडम ऑपरेशनमध्ये हैत," बाप्या म्हणाला.

पार्सल ताडकळसच्या स्टँडवरच्या हॉटेलात आलं. गावाकडची सगळीच पार्सलं तिथं पडतात. हॉटेलवाल्यानं ते उचलून वरचं नाव चारचौघांत वाचलं, "लेडीज नाइट गाऊन, डबल एक्सएल." महारुद्र घरी पोचायच्या आत गाऊन घरी पोचला होता. बावीस वर्षांत या माणसानं न सांगता साधी टाचणीसुद्धा आणली नव्हती, त्यामुळं सुमंगलानं त्या दिवशी चहात चमचाभर साखर जास्त टाकली आणि विचारलं, "पार्सल कुठंय?"

"माप चुकलं होतं. परत पाठिवलं."

"माझं माप तुमाला कधीपासून म्हाईत झालं?" एवढं बोलून सुमंगलानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि विषय सोडला. ती विषय सोडते तेव्हा घरातल्यांनी खरं तर सावध व्हावं.

सप्त्याच्या पहिल्या दिवशी पंगतीतून उठता उठता महारुद्रनं गोळी तोंडात टाकली आणि बाराला वीणा घेतली. साडेबाराला मंडप नेहमीसारखा आडवा झाला. एक वाजला. महारुद्रचे डोळे टक्क उघडे. डुलकी नाही, जांभई नाही, उलट अंगात असं काही भरलं की 'रामकृष्ण हरी' सेलूच्या जिनिंगमधल्या मशीनसारखं धडधडायला लागलं. टाळकरी दचकून उठले. त्यांना ठेका पकडता येईना. एक म्हातारा टाळकरी दम लागून बाजूला बसला. समोर खुर्चीत आबासाहेब बसले होते. पोराकडं बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते महारुद्रला दिसलं. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं आणखी जोर लावला.

तीनला पुढचा वीणेकरी दत्ता आला. आंघोळ केलेला, कपाळाला बुक्का. पाया पडायला वाकला, तर महारुद्र त्याला वळसा घालून पुढं निघून गेला. दत्ता मागून गेला. महारुद्रनं पुन्हा वळसा घातला.

"मामा, द्या की आता."

"थांब. आत्ता कुठं लागायलंय."

खरी गोष्ट वेगळी होती. काळीज बरगड्यांवर लाथा मारत होतं, जबडा आवळला होता, आणि थांबलो तर आपण पडू, अशी त्याला भीती वाटत होती. पण आतलं कुणाला दिसतं? कुणीतरी म्हणालं, "समाधी लागली." झालं. घराघरांतून बाया आरतीची ताटं घेऊन आल्या. पायांवर डोकी टेकायला लागली. कुणी व्हिडिओ काढला, त्याला मागून बासरी लावली आणि सोडून दिला. तात्याराव बघायला आले आणि लोकलाजेस्तव त्यांना टोपी काढावी लागली. दत्ताचं तीन तासांचं पुण्य बुडालं, पण समाधीवर चिडायचं कसं? दिवेलागणीला चौघांनी मिळून महारुद्रची बोटं एकेक करून सोडवली तेव्हा कुठं वीणा मोकळी झाली.

उपकार मानायच्या भरात महारुद्रनं मोठी चूक केली. तो व्हिडिओ त्यानं साक्षी मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, "आपली कृपा." ज्याचं खाल्लं त्याला कळवावं, ही आपल्याकडची रीत. मॅडमनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विचारलं, सर, आपलं पूर्ण नाव आणि गाव?

रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सुमंगला उठून बघते तर गोठा धुतलेला, लाकडं फोडलेली, आणि हा अंगणात दात खात उभा. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"हे काय ठोकायलंय?"

"भक्ती."

"भक्ती अशी ठोकत नस्ती. दवाखान्यात चला."

"पहारा झाल्यावर," तो म्हणाला. तिनं घर धुंडाळलं आणि ज्वारीच्या कणगीतून पाकीट काढलं. तुळशीचं पान छापलेलं, आत काय घातलंय ते लिहायची जागा कोरी. तिनं ते मोरीत रिकामं केलं. पण एक गोळी महारुद्रच्या खिशात होतीच, ती त्यानं पंगतीतून उठताना गिळली. त्या दिवशी वीणा त्यानं वेळेवर दिली, मात्र हात एवढे कापत होते की तारा आपोआप वाजत होत्या. वीणा दिल्यावरही ओठ हलतच राहिले. लोक म्हणाले, भक्तीत मुरायलाय. सुमंगलाला मात्र आता राग कमी आणि भीती जास्त वाटत होती. संध्याकाळी तिनं त्याला धरून ताडकळसला नेलं. डॉक्टरनं छाती तपासली आणि विचारलं, काय खाल्लं? "शिरा," महारुद्र म्हणाला. "आणि गोळ्या," सुमंगला म्हणाली. त्या पुन्हा घेतल्या तर पुढचा शिरा लोक तुमच्या तेराव्याला खातील, असं डॉक्टरनं बजावलं आणि झोपायला सांगितलं. सांगून झोप येत असती तर काय हवं होतं!

तिसऱ्या दिवशी सकाळी बॉम्ब फुटला. गावातल्या प्रत्येक फोनवर महारुद्र. डोक्यामागं तेजाचं वलय, मागं कडाडणारी वीज. "परभणीचे सुप्रसिद्ध महारुद्र महाराज सलग बहात्तर तास उभे! रहस्य काय? चेतवज्र!" खाली महारुद्रचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता, "भक्तहो, मी दररोज हीच गोळी घेतो. तुम्हीही अवश्य घ्या."

गाव पेटलं. पण उलट्या बाजूनं. "आमचा महारुद्र असलं शुद्ध जल्मात बोलला न्हाई," लोक म्हणाले. "ह्यो त्याचा आवाजच न्हाई. भक्ती त्याची, अन्‌ नाव गोळीचं?" आवाज खोटा म्हणजे सगळंच खोटं, असा हिशेब झाला. नंबर लावला तर बंद. त्याच फोटोतली बाई दुपारच्या आत दुसऱ्या नंबरवर, दुसऱ्या नावानं तीच गोळी विकायला बसली होती. पोलिसांत तक्रार द्यायची, हे एकमतानं ठरलं.

तात्यारावांनी घसा खाकरला. "द्यायलाच पायजे. फक्त आधी महारुद्रनं वीणा हातात घेऊन एवढं सांगावं की आपण ती गोळी घेतली न्हाई. म्हणजे तक्रारीला बळ येईल." केंद्रप्रमुखांनी आयुष्यभर शाळा तपासल्या होत्या. कोणतं कपाट उघडायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

बाराला मंडप गच्च भरला. कुणी आडवं झालं नव्हतं. महारुद्रनं वीणा घेतली. दोन रात्रींचं जागरण डोळ्यांत. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. पहारा राहणार होता, तात्याराव कायमचे गप्प होणार होते, आणि बापाची मान वर राहणार होती. कंपनी कुठली कोण, ती काय साक्षीला येतेय? त्यानं आबासाहेबांकडं बघितलं. ते त्याच्याकडंच बघत होते, परवासारखेच, भरल्या डोळ्यांनी. ते पाणी परवा आपण गोळीच्या जोरावर चोरलं होतं, असं त्याला वाटलं. वीणा छातीशी होती. तिला धरून खोटं बोलायला जीभ उचलेना.

"घेतली," तो म्हणाला.

"काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"गोळी. दोन घेतल्या. ते गाऊन न्हवतं."

बायांकडून खसखस पिकली आणि दबली. तात्यारावांनी चेहरा दुःखी केला, पण हात पुढं आलेच. "वाईट वाटतं. पण डुलकी काय, गोळी काय, एकच. ठरल्याप्रमाणं..."

"थांबा, तात्याराव." आबासाहेब खुर्चीतून उठायला बघत होते. "डुलकीपायी पहारा जाणार असंल, तर तो चाळीस वर्सांपूर्वीच जायला पायजे होता."

तात्यारावांनी पुढं केलेले हात मागं घेतले.

"मी रोज झोपायचो," आबासाहेब म्हणाले. "त्या खांबाला पाठ लावून, घोड्यावानी उभा झोपायचो. तीन तास जागा राहिलेला एक दिवस मला आठवत न्हाई."

"मग वीणा?" तात्यारावांच्या तोंडून निघून गेलं.

आबासाहेबांनी बायांच्या बाजूला बघितलं. तिथं त्यांची बायको कस्तुराबाई वाती वळत बसली होती. चाळीस वर्षं ती सप्त्यात त्याच खांबामागं वाती वळत बसायची, आणि गावाला वाटायचं, काय ही माउलीची सेवा. तिनं वात बाजूला ठेवली.

"मी मागं दाभण घिऊन बसायचे," ती म्हणाली. "वीणा कलली की टाचंत टोचायचे. ह्यांच्या टाचा बगा, पोत्यावानी शिवल्यात."

आधी दत्ता हसला, मग सगळा मंडप. महारुद्रला मात्र हसू आलं नाही. त्याला बापाचा भयंकर राग आला. दाभणानं भागणारं काम होतं, आणि इज्जतीपायी बाप गप्प बसला, म्हणून आपण विजेची गोळी खाऊन मरायला निघालो होतो! आबासाहेबांना ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. पोराला उद्देशून हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वापरले होते. महारुद्रचा राग तिथंच विरघळला.

तात्याराव एवढ्यानं हटणारे नव्हते. "म्हणजे दोन पिढ्या झोपल्या. मग तर हा पहारा या घरात ठेवायचं कारणच उरलं न्हाई."

"पिढ्या झोपल्या, पहारा न्हाई झोपला," कस्तुराबाई म्हणाली. "जागं कोण होतं ते बगा, अन्‌ तिच्या हातात द्या."

"वीणा? बाईच्या हातात?"

"चाळीस वर्सं बाईच्याच हातात होती, तात्याराव. तुमी समोरून बगायला होता." मग तिनं शेजारी बसलेल्या सुनेला कोपरानं ढोसलं. "ऊठ गं."

सुमंगला उठली. पदर खोचला. मंडपाच्या मधोमध येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. तिनं आधी वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि हात पुढं केले. महारुद्रनं वीणा दिली. रीतीप्रमाणं आता पाया पडायची पाळी त्याची होती. तो खाली वाकला, गुडघे टेकले, डोकं तिच्या पायांवर ठेवलं.

लोक त्याच्या उठण्याची वाट बघत राहिले. तो उठला नाही. थोड्या वेळानं तिथून घोरण्याचा आवाज यायला लागला.

कुणीतरी उचलायला पुढं झालं, तर सुमंगलानं नाम न थांबवता मान हलवून त्याला मागं पाठवलं. वीणेकऱ्याला दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं फिरायची मुभा असते. ती तीन वाजेपर्यंत जागची हलली नाही. पायांना मुंग्या आल्या, घाम मानेवरून ओघळला, आणि 'रामकृष्ण हरी' मात्र बेतात, टाळकऱ्यांना झेपेल अशा चालीत चालू राहिलं. अधूनमधून ती खाली बघायची, त्याची पाठ वरखाली होते का ते तपासायची आणि पुन्हा समोर बघायची.

तीनला दत्ता आला. पाया कुठून पडावं ते त्याला कळेना, तो या बाजूनं आला, त्या बाजूनं आला.

"वरूनच पड," सुमंगला हळूच म्हणाली. "ह्यांना उठवू नको."